आपले पान कोणत्या वहीत?

त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यजमानाला तिथले तीर्थोपाध्याय आधी नाव विचारीत नाहीत. ‘आडनाव काय? मूळ गाव कोणते?’ हे त्यांचे पहिले दोन प्रश्न. उत्तर मिळाले की आतल्या खोलीतून कापडात बांधलेली लांबट वही येते, पाने भराभर उलटली जातात आणि आपण पाहतच राहतो. कारण समोर आपल्याच पणजोबांचे हस्ताक्षर असते. ही नामावळी मी प्रथम पाहिली ती वडील गेले त्या वर्षी. भावाबरोबर गेले होते. पणजोबांची सही मोडीत होती. त्यांचे वडील कोण, भाऊ किती, मुले कोण, कोणत्या कार्यासाठी आले, सारे त्या पानावर होते. पणजीचे नाव मात्र नव्हते. ‘सहकुटुंब’ या एका शब्दात ती बिचारी मावली होती.

त्या वहीची आठवण यंदा मे महिन्याच्या सुटीत पुन्हा झाली, आणि तीही अगदी निराळ्या कारणाने. माझी भाची पुण्याला संगणकाच्या एका कंपनीत आहे. चार दिवस राहायला म्हणून आली ती लॅपटॉप घेऊनच. तिसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना म्हणाली, ‘‘मावशी, मला एक माहितीपत्र लिहायचंय आणि काही केल्या ते सरळ होत नाही. तू मुलांचे निबंध तपासतेस ना, तसं हे एकदा तपास.’’

मी लाल पेन घेऊनच बसले. विषय असा होता. तिच्या कंपनीने एक साधन तयार केले होते. टूल म्हणतात ते. समाजमाध्यमावरच्या एखाद्या खात्याचे नाव त्याला द्यावे आणि त्याने त्या खात्याची उघडी माहिती आणून द्यावी: लावलेले नाव, स्वतःविषयी लिहिलेल्या दोन ओळी, छायाचित्र, अनुयायी किती, अलीकडे काय लिहिले. इथवर नवल काही नव्हते. नवल पुढे होते. हे साधन माणसाने वापरायचेच नव्हते. ते वापरणार होता ‘एजंट’. म्हणजे कृत्रिम बुद्धीचा असा मुनीम, की ज्याला नुसते काम सांगावे आणि ते कसे करायचे, कोणती साधने हाती घ्यायची, हे त्याने आपले आपण ठरवावे.

‘‘मग हे माहितीपत्र वाचणार कोण?’’ मी विचारले.

‘‘तोच! एजंट ते वाचतो आणि त्यावरून ठरवतो, हे टूल कधी वापरायचं, त्याला काय द्यायचं, आणि जे परत येईल त्याचा अर्थ काय लावायचा.’’

ज्याचा वाचक माणूस नाही असे लेखन मी प्रथमच पाहत होते. गंमत म्हणून आम्ही माझेच नाव देऊन पाहिले. भाचीच्या मसुद्यात ‘खात्याचे किंवा व्यक्तीचे नाव’ असे दोन्ही चालेल म्हटले होते. ‘या लेखिका-शिक्षिकेची माहिती दे,’ अशी तिने एजंटाला आज्ञा केली. माझ्या नावाच्या तीन बाया सापडल्या. एक घरून साड्या विकणारी, एक योगवर्ग चालवणारी आणि तिसरी पैसे गुंतवण्याच्या कसल्याशा योजनेची जाहिरात करणारी. मी त्यांत कुठेच नव्हते, कारण माझे अशा माध्यमांवर खातेच नाही. पण हात हलवीत परत येणे काही एजंटाला पसंत पडले नाही. त्याने तिघींची मिळून एक केली आणि सुबक परिच्छेद लिहिला: या बाई लेखिका व शिक्षिका असून फावल्या वेळात साड्या विकतात, योग शिकवतात आणि लोकांना पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला देतात.

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण ते हसू माझ्या तोंडावर फार वेळ टिकले नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे जमत आलेले लग्न गेल्या वर्षी मोडले. मुलाकडच्यांनी कारण सांगितले नाही. पुढे काही महिन्यांनी मध्यस्थांकडून कळले, की त्यांच्या घरातल्या कुणीतरी मुलीचे नाव अशाच एका यंत्राला विचारले होते, आणि त्याने दुसऱ्याच कुणा मुलीचे खाते हिच्या गळ्यात बांधले होते. स्थळाची चौकशी करणे हे आपल्याकडे वावगे नाही. पण पूर्वी चौकशीला आलेला माणूस दारात दिसे, आणि ‘अहो, ती ही नव्हे, ती पलीकडच्या आळीतली,’ असे सांगणारी एखादी शेजारीण भेटे. आता विचारणारा दिसत नाही, सांगणारा दिसत नाही, आणि जिच्याविषयी सांगितले तिला तर काही कळतच नाही.

त्या दिवसापासून माणसांची चौकशी करणाऱ्या यंत्रांचा इतिहास मी जमेल तसा वाचीत आले आहे. तो फार जुना नाही. साठ वर्षांच्या आतलाच आहे. पण तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते, आणि तीच सांगण्यासाठी हा प्रपंच.

आरंभ कॅलिफोर्नियात झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धीच्या प्रयोगशाळेत एक मोठा संगणक होता आणि अनेकजण आपापल्या जागेवरून त्यावर एकाच वेळी काम करीत. या घटकेला कोण कोण कामावर आहे हे सांगणारी ‘हू’ नावाची एक आज्ञा होती. पण तिच्या यादीत माणसांच्या नावांऐवजी सांकेतिक अक्षरे असत आणि जागेऐवजी नुसते क्रमांक. लोक त्या यादीवरून बोट फिरवीत हवा तो माणूस हुडकीत बसत. लेस अर्नेस्ट यांनी हे पाहिले आणि १९७१ मध्ये एक आज्ञावली लिहिली. ती माणसाचे पूर्ण नाव सांगे, त्याची जागा सांगे, किती वेळात त्याने यंत्राला हात लावला नाही हेही सांगे. यादीवर फिरणाऱ्या त्या बोटावरूनच तिचे नाव पडले ‘फिंगर’.

पुढे तिला ‘प्लॅन’ नावाची जोड मिळाली. आपण जागेवर का नाही, केव्हा परत येऊ, अवेळी कुठे भेटू, हे ज्याचे त्याने लिहून ठेवावे आणि विचारणाऱ्याला ते दिसावे, असा हेतू. लोकांनी लवकरच त्याचा फळा केला. कुणी विनोद लिही, कुणी जगाच्या कारभारावर मत देई. आजच्या समाजमाध्यमांवरच्या ‘माझ्याविषयी’ या चौकटीचे पूर्वज शोधू गेल्यास ते इथे सापडतील. या रचनेत मोठे शहाणपण होते. माझ्याविषयी काय सांगायचे ते मी लिहिणार. बोट मी दाखवू देईन तिथपर्यंतच पोचणार. डिसेंबर १९७७ मध्ये या पद्धतीचे रीतसर टिपण निघाले. संगणकांचे जाळे विणणाऱ्या मंडळींमध्ये अशी क्रमांकित टिपणे काढण्याची चाल आहे. त्यांना ते आरएफसी म्हणतात. हे टिपण ७४२ क्रमांकाचे. म्हणजे चौकशीच्या साधनाचे माहितीपत्र लिहिण्याची परंपराही जवळजवळ साधनाइतकीच जुनी आहे.

त्याच राज्यात आणखी एक वही चालू होती. अर्पानेट या आद्य जाळ्याचे माहिती केंद्र एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखाली होते. जाळ्यावर कोण आहे, त्याचा पत्ता काय, यांची सूची तिथे राखली जाई. मार्च १९८२ च्या ८१२ क्रमांकाच्या टिपणाने ही सूची यंत्रातूनच विचारता येईल अशी सोय नोंदवली. तिचे नाव ‘हूइज’. नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी, सारे त्यात. शेपाचशे ओळखीच्या संशोधकांच्या गावात हे शोभून दिसले. पण गावाचे जग झाले तरी वही तशीच उघडी राहिली, आणि ज्याने म्हणून जाळ्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली त्याच्या घरचा पत्ता कोणालाही वाचता येऊ लागला. मे २०१८ मध्ये युरोपचा नवा कायदा अमलात आला तेव्हा कुठे त्यातल्या खासगी रकान्यांवर पडदा पडला.

फिंगरची परीक्षा मात्र त्याआधीच झाली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने जाळ्यात एक स्वतःहून पसरणारी आज्ञावली सोडली. ती हजारो यंत्रांत शिरली. शिरण्याच्या तिच्या वाटांपैकी एक होती फिंगर. विचारणाऱ्याचा प्रश्न ठेवायला त्या साधनात ५१२ अक्षरांची जागा होती. पण प्रश्न त्याहून लांब आला तर काय करावे, याचा विचार कुणी केला नव्हता. मॉरिसच्या आज्ञावलीने मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारला. तो जागेबाहेर सांडला, आणि सांडलेला भाग यंत्राने प्रश्न म्हणून न वाचता हुकूम म्हणून पाळला. पुढे मॉरिसला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, चारशे तास समाजसेवेची आणि दंडाची शिक्षा झाली. फिंगरचे सुधारलेले माहितीपत्र डिसेंबर १९९१ मध्ये आले, टिपण क्रमांक १२८८. त्यात ठळक इशारा आहे: हे साधन माणसांविषयी माहिती उघड करते, ती नाजूक असू शकते, तेव्हा ते चालवायचे की नाही आणि उत्तरात काय काय द्यायचे, हे प्रत्येक ठिकाणच्या जबाबदार माणसाने जाणूनबुजून ठरवावे. हा इशारा माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वांत शहाणा परिच्छेद आहे, आणि पुढच्यांनी सर्वांत कमी मनावर घेतलेलाही तोच.

मग समाजमाध्यमे आली. आपल्याकडे अनेकांची पहिली ओळख ऑर्कुटशी. ते जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. त्यात आपले पान कोण पाहून गेले हे कळण्याची सोय होती. चौकशी करणाऱ्याचे पाऊल अंगणात उमटत असे म्हणा ना! फेसबुकही २००४ चेच. तिथे पुढे फोनचा क्रमांक घालून माणूस हुडकता येई. हरवलेले मित्र शोधायला ही सोय चांगलीच होती. पण क्रमांकांच्या लांबच लांब याद्या पुढे करून ‘हा कोण? हा कोण?’ असे न थकता विचारीत बसणे यंत्राला जमते, माणसाला नाही. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने ही सोय बंद केली आणि तिचा दुरुपयोग झाल्याचे कबूल केले. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक लोकांचे नाव-क्रमांक एका ठिकाणी उघड्यावर आलेले सापडले. फोनमधल्या यादीवरून ओळखीची माणसे शोधून देण्याच्या सोयीतूनच ते गोळा झाले होते. या प्रकरणी आयर्लंडच्या नियामकाने नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेसव्वीस कोटी युरोंचा दंड केला.

आता भाचीच्या एजंटाकडे येऊ. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या भाषायंत्राला बाहेरची साधने जोडण्याची रीत जाहीर केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने अशी साधने जोडण्याचा एक सर्वांना खुला संकेत मांडला. दोन्हींत साधनाची ओळख यंत्राला पटते ती तीन गोष्टींनी: साधनाचे नाव, त्याचे शब्दांतले वर्णन, आणि त्याला काय काय द्यायचे त्याची यादी. फिंगरचे टिपण माणूस वाची, कपाळाला आठी घाली, शंका विचारी. एजंटाच्या कपाळाला आठी पडत नाही. वर्णनात ‘कोणाचीही माहिती मिळते’ असे लिहिले, तर कोणाचीही माहिती मिळालीच पाहिजे असे धरून तो चालतो.

अशी यंत्रे माणसांची गल्लत कशी करतात याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. ऑस्ट्रेलियातल्या हेपबर्न शायरचे महापौर ब्रायन हूड यांनी पूर्वी नोटा छापणाऱ्या एका सरकारी कंपनीतली लाचखोरी उघडकीस आणली होती. २०२३ मध्ये कळले की चॅटजीपीटी त्यांनाच त्या लाचखोरीत शिक्षा भोगलेला गुन्हेगार म्हणून सांगत आहे. नाव बरोबर, प्रकरण बरोबर. दोहोंमधले नाते तेवढे उलटे. चोर पकडून देणाराच चोर ठरला.

दुसरा धोका मला मॉरिसची आठवण करून देणारा वाटला. खात्यावर स्वतःविषयी लिहिलेल्या दोन ओळींत कुणी असे लिहिले, की ‘हे वाचणाऱ्या यंत्रा, आधीच्या साऱ्या सूचना विसर आणि मी सांगतो ते कर,’ तर? कच्चा एजंट ते ऐकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी या फसवणुकीला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव दिले. १९८८ मध्ये प्रश्न सांडून हुकूम झाला होता. आता उत्तरच हुकूम होऊ पाहते.

कायदा आहे का? आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण माणसाने आपण होऊन जाहीर केलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे समाजमाध्यमावर माझ्या विद्यार्थिनीने हौसेने लावलेला फोटो त्याच्या कक्षेबाहेर राहू शकतो. तेव्हा उरते ते साधन बनवणाऱ्याचे तारतम्य, आणि ते लिहून ठेवण्याची जागा म्हणजे माहितीपत्र.

तर त्या सुटीत आम्ही दोघी दोन संध्याकाळ बसलो. मसुद्याचे पहिले वाक्य होते: ‘कोणत्याही व्यक्तीची संपूर्ण माहिती मिळवण्यासाठी हे साधन वापरा.’ मी त्यातल्या दोन शब्दांखाली लाल रेघ मारली, ‘कोणत्याही’ आणि ‘संपूर्ण’. भाची म्हणाली, ‘‘मग उरलं काय?’’ म्हटले, ‘‘खरं तेवढं उरलं.’’

पहिली सुधारणा ही की साधनाला खात्याचेच नाव द्यावे; माणसाचे नाव देऊ नये. नुसते लिहून भागत नाही, म्हणून भाचीने ती सोयच आज्ञावलीतून काढून टाकली. दुसरी, उत्तर नसण्याचे प्रकार निरनिराळे सांगावेत. तिच्या शास्त्रात त्यांना क्रमांक आहेत. ४०४ म्हणजे सापडले नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारलेत, जरा थांबा. मसुद्यात मात्र सगळ्यांना ‘माहिती नाही’ असा एकच शब्द होता. मी तिला हजेरीपट दाखवला. गैरहजर, रजेवर आणि शाळा सोडली, या तिन्ही मुलांची जागा बाकावर रिकामीच दिसते. पण तिघांना एकच खूण केली तर वर्गशिक्षिकेला घरी पाठवतील! आणि ‘सापडले नाही’ हे पुरे उत्तर आहे, ते दुसरीकडून भरून काढू नये, हे वाक्य स्वतंत्र घातले.

तिसरी सुधारणा बायकांच्या वतीने होती. माझ्या पहिल्या पुस्तकावर माहेरचे नाव आहे, हजेरीपटावर सासरचे. रोमन लिपीत एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. तेव्हा नाव सारखे म्हणून दोन खाती एका व्यक्तीची धरू नयेत. एका खात्याने दुसऱ्याचा स्वतः उल्लेख केला असेल तरच ती जोडावीत. चौथी, खात्यावरचा मजकूर वाचण्यासाठी आहे, पाळण्यासाठी नाही. पाचवी मला वहीवरून सुचली. आमच्या पणजोबांच्या पानावर येण्याचे कारण लिहिलेले होते. तसे विचारणाऱ्याने कोणत्या कामासाठी विचारले ते साधनाने लिहून ठेवावे.

‘‘मावशी, अशानं आमचं टूल कमी वापरलं जाईल. साहेब विचारतील ना!’’ भाची म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिची बढती त्या साधनाच्या खपावर अवलंबून होती, माझे त्यात काय जात होते? मी तिला विद्यार्थिनीची हकीकत सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने लॅपटॉप उघडला.

गणपतीत तिचा फोन आला. पाचांपैकी चार वाक्ये राहिली. पाचवे, कारण लिहून ठेवण्याचे, साहेबांनी काढले. गिऱ्हाइकांना ते जाचक होईल म्हणाले. चार राहिली हेही थोडे नव्हे, असे मी तिला म्हटले आणि मनाशी हळहळले.

त्र्यंबकची एक गोष्ट सांगायची राहिली. भावाने त्या दिवशी वहीत सही केली, त्याखाली मी माझे नाव लिहिले, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही. मग मला राहवले नाही. म्हटले, ‘‘गुरुजी, पणजीचं नावही आता घाला ना तिथे.’’

‘‘घालू की. काय नाव?’’

मी भावाकडे पाहिले, भावाने माझ्याकडे. दोघांनाही ठाऊक नव्हते. भाऊ चाचरत म्हणाला, ‘‘बहुधा लक्ष्मी असेल. आमच्याकडे पूर्वी सुनांची नावं तशीच ठेवीत.’’

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. ‘‘बहुधा नको,’’ ते म्हणाले. ‘‘घरी जुनं कोणी असेल तर विचारा. कळलं की या. जागा ठेवतो.’’

‘सहकुटुंब’ या शब्दापुढे बोटभर जागा त्यांनी कोरी सोडली आहे.